बेकेनबाउअर, फ्रान्ट्स

(११ सप्टेंबर १९४५ – ७ जानेवारी २०२४). विख्यात जर्मन व्यवसायी फुटबॉलपटू, प्रशिक्षक व क्रीडासंघटक. फुटबॉलमधील बचावपटूच्या कार्याला त्याने नवे वळण दिले. प्रतिस्पर्ध्यांचे आक्रमण जेथे थोपवावयाचे, तेथूनच आपल्या संघाच्या चढाईस प्रारंभ करावयाचा, ही ‘लिबेरो’ या स्थानाची व्यापक कल्पना मुख्यत्वे त्याच्या खेळामुळे जगभर परिचित झाली. प. जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून तो १०३ सामने खेळला. १९७२ मध्ये यूरोपीय अजिंक्यपद आणि १९७४ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या प. जर्मन संघांचा तो कर्णधार होता; तर १९९० मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा तो मार्गदर्शक होता. जर्मनीत तो ‘कैसर’ (सम्राट) या टोपणनावाने ओळखला जाई.

पूर्वायुष्य : दुसरे महायुद्ध यूरोपात समाप्त झाल्यानंतर चार महिन्यांनी त्याचा जन्म म्यूनिक शहराच्या गीझिंग या कामगारवस्तीच्या भागात झाला. त्याचे वडील टपाल खात्यात नोकरीस होते. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास तो एस. सी. म्यूनिक १९०६ या लहानशा स्थानिक क्लबच्या बालसंघातून खेळू लागला. त्या काळी म्यूनिकमधील अधिक लोकप्रिय क्लब १८६० म्यूनिक हा होता व बेकेनबाउअरचा ओढाही त्याच क्लबकडे होता. तथापि एका कुमार स्पर्धेतील सामन्यात त्या क्लबच्या खेळाडूने आपल्याला चपराक मारली व त्यामुळे आपण बायर्न म्यूनिककडे वळलो, असे तो पुढे सांगत असे. १९५९ मध्ये तो बायर्न म्यूनिकच्या कुमार संघात दाखल झाला. शालेय शिक्षण संपल्यावर त्याने एका विमा कंपनीत उमेदवारी केली. फुटबॉलवर उपजीविका करता येईल, याची शाश्वती त्या काळी प. जर्मनीतील होतकरू खेळाडूला नव्हती. कारण देशव्यापी व्यवसायी साखळी स्पर्धाच तेथे अस्तित्वात नव्हती.

अशी स्पर्धा बुंडेसलीगा या नावाने १९६३ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या वर्षी १६ क्लबांना प्रवेश मिळाला. परंतु म्यूनिकमधून १८६० म्यूनिकची निवड झाली व बायर्न म्यूनिकला वगळण्यात आले. या निर्णयाचा एक परिणाम पुढे हितकारक ठरला. बायर्न म्यूनिकजवळ नामांकित खेळाडूंना घेण्याइतका पैसा नव्हता. त्यामुळे त्या क्लबला आपल्या कुमार संघातील व आसपासच्या गावांतील तरुण खेळाडूंवरच भिस्त ठेवावी लागली. गोलरक्षक झेप मायर, आघाडीचा खेळाडू गेर्ड म्यूलर आणि बेकेनबाउअर हे तिघेही या काळात विशीच्या आसपास होते. यूगोस्लाव्ह प्रशिक्षक झ्लाट्को चायकोव्हस्की याने त्यांना एकत्र घडविले. बेकेनबाउअर ६ जून १९६४ रोजी झांक्ट पाउलीविरुद्धच्या सामन्यात प्रथमच बायर्न म्यूनिकच्या मुख्य संघातून उतरला. त्या सामन्यात तो डाव्या बगलेवर आघाडीला खेळला होता. १९६५ मध्ये या संघाने बुंडेसलीगामध्ये प्रवेश मिळविला.

बचावाची पूर्वपरंपरा : बेकेनबाउअरच्या कार्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्यापूर्वीच्या बचावपद्धतींची कल्पना असणे आवश्यक आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम शिथिल झाल्यानंतर आघाडीच्या खेळाडूंना गोल करणे सुलभ झाले. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील आर्सेनल क्लबचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने मधल्या फळीतील मध्यवर्ती खेळाडू मागे आणून त्याला तिसरा बचावपटू केले. या रचनेत प्रत्येक बचावपटूवर एकेका प्रतिस्पर्ध्याला जखडून ठेवण्याची जबाबदारी असे. एखादा बचावपटू चकला, तर त्याच्या पाठीमागे गोलरक्षकावाचून कोणीही उरत नसे. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने बचावफळीच्या मागे आणखी एक खेळाडू ठेवण्याची पद्धती रूढ केली. दाराला अडसर घालावा तशी ही योजना होती. पुढे इटलीत तिचा विकास झाला व तिला ‘कातेनाच्चो’ (अडसर) हेच नाव मिळाले. एलेन्यो एर्रेरा याच्या मार्गदर्शनाखाली मिलानच्या इंतर क्लबने १९६४ व १९६५ या लागोपाठच्या वर्षी यूरोपियन कप जिंकला, तेव्हा ही पद्धती कीर्तीच्या शिखरावर होती.

बचावफळीमागील या जादा खेळाडूवर कोणत्याही ठराविक प्रतिस्पर्ध्याची जबाबदारी नसे. म्हणून इटालियन भाषेत त्याला ‘लिबेरो’ म्हणजे ‘मुक्त’ म्हणत. तथापि त्याची ही मुक्तता मर्यादित होती. सहकाऱ्यांच्या हातून निसटलेला चेंडू अडविणे आणि तो दूर टोलावणे एवढ्यापुरताच तिचा उपयोग केला जाई. इंतर क्लबचा कर्णधार आर्मांदो पिक्की हा या प्रकारचा आदर्श खेळाडू होय. त्याच संघातील डाव्या बाजूचा बचावपटू जाचिंतो फाक्केत्ती मात्र संधी मिळताच थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलापर्यंत धाव घेई. बाजूच्या बचावपटूला जर असे पुढे जाता येते, तर मैदानाच्या मध्यभागातून मुक्त बचावपटूने का जाऊ नये, हा विचार फाक्केत्तीच्या खेळावरून आपणास सुचला, असे बेकेनबाउअरने नमूद केले आहे.

लिबेरोचे कार्य : बेकेनबाउअरने या स्थानाच्या मुक्ततेचा अर्थ विस्तारला. तिच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. प्रत्येक खेळाडू आपापल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे जखडलेला असताना ज्याच्यावर कोणाचीही जबाबदारी नाही, असा खेळाडू चेंडूसह पुढे सरकला, तर त्याला अडविण्यासाठी प्रतिपक्षातील कोणाला तरी आपला नेमून दिलेला खेळाडू सोडावा लागतो. तसे करावे, तर तो सुटलेला खेळाडू मोकळा राहतो. न करावे, तर लिबेरो निर्वेधपणे पुढे येतो. परिणामी मैदानाच्या मधल्या भागात एका खेळाडूचे संख्याधिक्य लाभते. याशिवाय सर्वांच्या मागे उभ्या असलेल्या खेळाडूला बहुतेक मैदान आपल्या दृष्टीसमोर दिसते. मधल्या फळीतील खेळाडूला मात्र पाठीमागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची सतत चिंता वाहावी लागते.

या स्थानास आवश्यक ते गुण बेकेनबाउअरच्या ठायी एकवटले होते. तो आघाडीला आणि मधल्या फळीत खेळून आलेला असल्याने चेंडूवर त्याचे असामान्य प्रभुत्व होते. मान ताठ ठेवून, चेंडूकडे न पाहता तो धावे. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने दूरवर अचूक चेंडू देणे, ही त्याची खास लकब होती. त्यामुळे चेंडू देण्यापूर्वी त्याला शरीराची ठेवण बदलावी लागत नसे आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्या हेतूचा अंदाज येत नसे. गेर्ड म्यूलरशी त्याचा विशेष मेळ होता. बेकेनबाउअरने दिलेला चेंडू म्यूलर भिंतीवरून परतावा तसा एकाच स्पर्शाने परत करी आणि तोवर बेकेनबाउअर बचावफळी ओलांडून पुढे गेलेला असे. बचाव करतानाही तो अंगाला भिडण्याऐवजी चेंडू कोठे येणार, हे आधीच ओळखून तेथे पोहोचण्यावर भर देई.

मात्र ही मुक्तता अनेकांच्या श्रमांवर आधारलेली होती. लिबेरो पुढे गेला, की त्याची जागा रिकामी पडते. ती सांभाळण्याचे काम बायर्न म्यूनिकमध्ये व पुढे राष्ट्रीय संघातही हान्स-गेओर्ग श्वार्त्सेनबेक या बचावपटूकडे असे. प्रतिपक्षाच्या प्रमुख आघाडीच्या खेळाडूला जखडून ठेवणे आणि बेकेनबाउअर परतेपर्यंत गोलासमोरचा भाग राखणे, ही दुहेरी कामगिरी तो निष्ठेने पार पाडी. बेकेनबाउअरच्या डौलदार खेळाची जी प्रशंसा झाली, तिच्या तुलनेने श्वार्त्सेनबेकच्या वाट्याला फारच थोडी आली. परंतु एकाचा खेळ दुसऱ्यावाचून शक्य नव्हता. गोल सोडून पुढे येण्यास तत्पर असलेला मायर हाही या रचनेचा तितकाच आवश्यक घटक होता.

क्लबमधील कारकीर्द : बायर्न म्यूनिकने १९६६, १९६७, १९६९ व १९७१ मध्ये जर्मन चषक जिंकला. १९६७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबचा जादा वेळेत १–० असा पराभव करून या संघाने यूरोपीय चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली. १९६८-६९ च्या हंगामात ब्रांको झेबेट्स या प्रशिक्षकाच्या शिस्तबद्ध मार्गदर्शनाखाली बायर्नने बुंडेसलीगा व जर्मन चषक अशी दोन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळविली; बुंडेसलीगाच्या स्थापनेनंतर ही कामगिरी प्रथमच घडत होती. या सुमारास बेकेनबाउअर क्लबमध्ये लिबेरो म्हणून स्थिरावला होता आणि कर्णधारपदही त्याच्याकडे आले होते. पुढे ऊडो लाटेक याच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९७२, १९७३ व १९७४ अशी सलग तीन वर्षे बुंडेसलीगाचे विजेतेपद पटकाविले.

यूरोपियन कप स्पर्धेतील सलग तीन विजेतेपदे हा त्याच्या क्लब-कारकीर्दीचा कळस होय. १९७४ मध्ये ब्रूसेल्स येथील अंतिम सामन्यात माद्रिदचा आत्लेतिको क्लब जादा वेळेतही १–० असा आघाडीवर होता. सामना संपण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी श्वार्त्सेनबेकने दूर अंतरावरून मारलेला चेंडू गोलात गेला व बरोबरी झाली. त्या काळच्या नियमानुसार दोन दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात बायर्नने ४–० असा विजय मिळविला आणि ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला जर्मन क्लब ठरला. १९७५ मध्ये पॅरिस येथे इंग्लंडच्या लीड्स युनायटेडवर २–० असा विजय मिळाला. या सामन्यात बेकेनबाउअरने ॲलन क्लार्क याला पाडले असताना पेनल्टी किक दिली गेली नाही, तसेच लीड्सचा एक गोल अमान्य करण्यात आला. त्यामुळे पंचांच्या निर्णयांवर पुष्कळ टीका झाली. १९७६ मध्ये ग्लासगो येथे फ्रान्सच्या सेंतेत्येन क्लबचा १–० असा पराभव करण्यात आला. त्याच वर्षी ब्राझीलच्या क्रूझेरो क्लबला हरवून बायर्नने आंतरखंडीय चषकही जिंकला. बायर्नतर्फे बुंडेसलीगामध्ये बेकेनबाउअर ३९६ सामने खेळला व त्याने ४४ गोल केले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द : २६ सप्टेंबर १९६५ रोजी स्टॉकहोम येथे स्वीडनविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा निर्णायक सामना होता. प्रशिक्षक हेल्मूट श्यन याने या सामन्यासाठी वीस वर्षांच्या बेकेनबाउअरची प्रथमच राष्ट्रीय संघात निवड केली. प. जर्मनीने सामना २–१ असा जिंकला. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत बेकेनबाउअर मधल्या फळीत खेळला व त्याने चार गोल केले. त्यांपैकी दोन स्वित्झर्लंडविरुद्ध, एक यूरग्वायविरुद्ध आणि एक उपांत्य सामन्यात सोव्हिएट रशियाविरुद्ध होता. वेंब्ली येथील अंतिम सामन्यात त्याच्याकडे इंग्लंडच्या बॉबी चार्लटनला जखडून ठेवण्याचे काम सोपविण्यात आले. चार्लटनलाही बेकेनबाउअरवर लक्ष ठेवावयाचे होते. परिणामी दोन्ही संघांतील सर्वांत सर्जनशील खेळाडू परस्परांना निष्प्रभ करीत राहिले. इंग्लंडने जादा वेळेत ४–२ असा विजय मिळविला. एका कल्पक खेळाडूला केवळ अडवणुकीसाठी वापरले, तर संघाचे किती नुकसान होते, याचे हा सामना ठळक उदाहरण आहे.

चार वर्षांनी मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेत लेऑन येथे उपांत्यपूर्व सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. इंग्लंड २–० असा आघाडीवर असताना बेकेनबाउअरने पुढे मुसंडी मारून एक गोल केला. त्यानंतर लगेचच इंग्लंडचा व्यवस्थापक ॲल्फ रॅम्झी याने चार्लटनला विश्रांतीसाठी मैदानाबाहेर बोलाविले. त्यामुळे बेकेनबाउअरवरील उरलेले बंधनही दूर झाले. प. जर्मनीने बरोबरी साधली व जादा वेळेत ३–२ असा विजय मिळविला. इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बेकेनबाउअरचा खांदा दुखावला. बदली खेळाडूंची अनुज्ञेय संख्या संपलेली असल्याने हात छातीशी बांधून तो अखेरपर्यंत खेळत राहिला. जादा वेळेत पाच गोल झालेला हा सामना इटलीने ४–३ असा जिंकला.

या स्पर्धेनंतर श्यनने त्याला राष्ट्रीय संघातही लिबेरोचे स्थान दिले आणि १९७१ मध्ये तो कर्णधार झाला. या बदलाचे फळ २९ एप्रिल १९७२ रोजी यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतील वेंब्लीच्या सामन्यात दिसून आले. बेकेनबाउअर मागून पुढे येई, तेव्हा मधल्या फळीतील ग्यूंटर नेट्सर मागे राही आणि नेट्सर पुढे सरसावे, तेव्हा बेकेनबाउअर मागे थांबे. आक्रमणाचा उगम नेमका कोठून होणार, हे इंग्लंडच्या खेळाडूंना उमगले नाही. प. जर्मनीने हा सामना ३–१ असा जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील जर्मन संघाचा हा पहिला विजय होता. पुढे उपांत्य सामन्यात बेल्जियमचा व ब्रूसेल्स येथील अंतिम सामन्यात सोव्हिएट रशियाचा ३–० असा पराभव करून प. जर्मनीने अजिंक्यपद मिळविले. त्या वर्षी बेकेनबाउअरला यूरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूस दिला जाणारा ‘बालाँ द’ऑर’ (सुवर्णचेंडू) हा पुरस्कार लाभला. १९७६ मध्ये तो त्याला पुन्हा मिळाला. हा सन्मान दोनदा मिळविणारा तो एकमेव बचावपटू होय. त्याच्यानंतर माटियास झामर (१९९६) आणि फाबियो कान्नावारो (२००६) या दोनच बचावपटूंना तो लाभला आहे.

१९७४ ची विश्वचषक स्पर्धा प. जर्मनीतच भरली. स्पर्धेपूर्वी पारितोषिकाच्या रकमेवरून खेळाडू व जर्मन फुटबॉल संघ यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि श्यनने संघ सोडण्याचीही तयारी दर्शविली. बेकेनबाउअरने दोन्ही पक्षांशी वाटाघाटी करून तोडगा काढला. बुंडेसलीगानंतरच्या दशकात जर्मन फुटबॉल किती झपाट्याने व्यवसायी बनला होता, याचे हा वाद निदर्शक आहे. पहिल्या गटातील अखेरच्या सामन्यात २२ जून रोजी हँबर्ग येथे पू. जर्मनीने युर्गेन श्पारवासरच्या गोलाच्या जोरावर प. जर्मनीचा १–० असा पराभव केला. दोन जर्मन राष्ट्रांच्या मुख्य संघांतील हा एकमेव सामना असल्याने त्याला राजकीय महत्त्वही होते. या पराभवानंतर संघाच्या रचनेत जे बदल झाले, त्यांत बेकेनबाउअरच्या मताला मोठे वजन होते. त्यानंतर यूगोस्लाव्हिया, स्वीडन व पोलंड यांना हरवून प. जर्मनीने अंतिम फेरी गाठली.

म्यूनिक येथे ७ जुलै रोजी झालेल्या अंतिम सामन्यात योहान क्रॉइफच्या नेतृत्वाखालील नेदर्लंड्सच्या संघाने दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी किकवर गोल केला. पाउल ब्राइटनरने पेनल्टी किकवरच बरोबरी साधली व मध्यंतरापूर्वी म्यूलरने दुसरा गोल केला. उत्तरार्धात नेदर्लंड्सने सतत चढाया केल्या; परंतु बेकेनबाउअर आणि मायर यांनी त्या परतवून लावल्या. संपूर्ण स्पर्धेतील सात सामन्यांत प. जर्मनीने १३ गोल केले व केवळ ४ गोल स्वीकारले. यूरोपीय व जागतिक अशी दोन्ही अजिंक्यपदे एकाच वेळी धारण करणारा हा पहिला संघ होय. फीफाने नव्याने घडवून घेतलेला विश्वचषक प्रथम स्वीकारण्याचा मान बेकेनबाउअरला मिळाला.

१९७६ च्या यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत बेलग्रेड येथील अंतिम सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तो २–२ असा बरोबरीत सुटल्यानंतर चेकोस्लोव्हाकियाने पेनल्टी किकांवर विजय मिळविला. २३ फेब्रुवारी १९७७ रोजी पॅरिस येथे फ्रान्सविरुद्ध तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. एकूण १०३ सामन्यांत त्याने १४ गोल केले. तीन विश्वचषक स्पर्धांत मिळून तो १८ सामने खेळला व त्यांत त्याचे ५ गोल होते.

अखेरची वर्षे व मार्गदर्शन : १९७७ मध्ये त्याने अमेरिकेतील न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबशी करार केला. करविषयक चौकशी आणि खाजगी जीवनाविषयी वृत्तपत्रांनी चालविलेली चर्चा यांमुळे त्याला मायदेश सोडावासा वाटला. या निर्णयामुळे त्याची राष्ट्रीय संघातील कारकीर्द संपुष्टात आली. १९७८ च्या विश्वचषक स्पर्धेत तो नव्हता. कॉसमॉसमध्ये प्रारंभी पेले हा त्याचा सहकारी होता. या क्लबबरोबर त्याने १९७७, १९७८ व १९८० मध्ये उत्तर अमेरिकी साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. १९८० ते १९८२ या काळात तो हँबर्ग क्लबकडून खेळला आणि १९८२ मध्ये पाचव्यांदा बुंडेसलीगा जिंकणाऱ्या संघाचा घटक ठरला. १९८३ मध्ये कॉसमॉसमधूनच त्याने खेळातून निवृत्ती पत्करली.

१९८४ च्या यूरोपीय स्पर्धेतील अपयशानंतर प. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे आली. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र नसल्यामुळे त्याच्यासाठी ‘संघप्रमुख’ हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले. त्याच्या संघाला १९८६ मध्ये मेक्सिको येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून ३–२ असा पराभव पतकरावा लागला. १९८८ मध्ये यूरोपीय अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यातही नेदर्लंड्सने त्याच्या संघाला हरविले. ८ जुलै १९९० रोजी रोम येथे मात्र आंड्रेयास ब्रेमेने पेनल्टी किकवर केलेल्या एकमेव गोलाने त्याच्या संघाने अर्जेंटिनावर मात केली. खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारा ब्राझीलच्या मार्यू झागालूनंतरचा तो दुसरा होय. तर कर्णधार व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी तो जिंकणारा पहिलाच होय. २०१८ मध्ये फ्रान्सच्या दिदिए देशाँ याने या विक्रमाची बरोबरी केली. पुढे बेकेनबाउअरने काही काळ फ्रान्समधील मार्सेय क्लबमध्ये काम केले. बायर्न म्यूनिकचे प्रशिक्षकपदही त्याने दोनदा अल्पकाळ सांभाळले. त्यांत १९९४ मध्ये बुंडेसलीगा व १९९६ मध्ये यूएफा चषक क्लबला मिळाला. १९९४ ते २००९ या काळात तो बायर्न म्यूनिकचा अध्यक्ष होता.

संघटनकार्य व वाद : २००६ च्या विश्वचषक स्पर्धेचे यजमानपद जर्मनीला मिळावे, यासाठी चाललेल्या प्रयत्नांचे नेतृत्व त्याने केले. जुलै २००० मध्ये झालेल्या मतदानात जर्मनीने द. आफ्रिकेवर १२ विरुद्ध ११ अशा एका मताने मात केली. बेकेनबाउअर संयोजन समितीचा अध्यक्ष झाला. ही स्पर्धा अत्यंत यशस्वी ठरली व त्याची लोकप्रियता शिगेला पोहोचली. परंतु २०१५ मध्ये डेर श्पीगल या साप्ताहिकाने स्पर्धेशी निगडित ६७ लाख यूरोंच्या एका व्यवहाराबद्दल प्रश्न उपस्थित केले. मते विकत घेतल्याचा आरोप बेकेनबाउअरने नाकारला. जर्मन फुटबॉल संघाने नेमलेल्या चौकशीत मतखरेदीचा पुरावा आढळला नाही. तथापि तशी शक्यता पूर्णतः नाकारताही आली नाही. स्वित्झर्लंडमधील फौजदारी प्रकरण कायद्याची कालमर्यादा उलटल्यामुळे २०२० मध्ये कोणत्याही निर्णयाविना संपले. त्याआधी २०१६ मध्ये, २०१८ व २०२२ च्या स्पर्धांच्या यजमानपदाविषयीच्या चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल फीफाच्या नीतिसमितीने त्याला दंड केला होता. या प्रकरणांनंतर तो सार्वजनिक जीवनातून जवळजवळ निवृत्त झाला. प्रकरणाचा उलगडा न झाल्याने तो दोषी होता किंवा निर्दोष होता, असे निर्णायकपणे म्हणता येत नाही. व्यवसायी फुटबॉलच्या उदयाबरोबर ज्याची कारकीर्द बहरली, त्याच्या अखेरच्या वर्षांवर त्याच व्यवसायातील आर्थिक व्यवहारांची छाया पडली. ऑस्ट्रियातील झाल्त्सबुर्क येथे त्याचे निधन झाले. २०२५ पासून जर्मन सुपर कप ही स्पर्धा त्याच्या नावाने खेळविली जाते.

मूल्यमापन : लिबेरोचे स्थान जर्मनीत त्याच्यानंतर सुमारे दोन दशके टिकून राहिले, लोटार माट्येउस आणि माटियास झामर यांनी ते समर्थपणे भूषविले. तथापि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आर्रीगो साक्की याच्या मार्गदर्शनाखाली मिलान क्लबने प्रतिस्पर्ध्याऐवजी जागा राखण्याची व बचावफळी एकाच रेषेत पुढे आणण्याची पद्धती परिणामकारकपणे राबविली. या पद्धतीत सर्वांच्या मागे उभा राहणारा खेळाडू ऑफसाइडच्या सापळ्यास अडचणीचा ठरतो. प्रतिस्पर्ध्यांना व्यक्तिशः जखडून ठेवण्याची प्रथा मागे पडल्याने ‘मुक्त’ खेळाडूचे वैशिष्ट्यही लोपले. अशा प्रकारे लिबेरो हे स्थान जवळजवळ नामशेष झाले; परंतु त्याचे कार्य मात्र उरले. मागून चेंडू खेळवीत आणणारे मध्यवर्ती बचावपटू आणि १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू हाताळण्यास मनाई झाल्यापासून पायांनी खेळण्यात निष्णात झालेले गोलरक्षक यांच्यात ते वाटले गेले आहे. आज नामांकित संघ बचावपटूची निवड करताना तो चेंडू कसा अडवितो याबरोबरच, अडविलेला चेंडू पुढे कसा देतो हेही पाहतात. बचाव हा खेळाचा शेवट नसून आरंभ आहे, ही जाणीव सार्वत्रिक करण्यात बेकेनबाउअरचा वाटा सर्वांत मोठा आहे.